टर्मिनेट सर

वाठोरे सरांबरोबर कुठं जायचं म्हटलं की मी घरी सांगून ठेवायची, यायला उशीर होईल. जायला लागायचा तो वेळ लागायचाच, पण निघायला त्याहून जास्त लागायचा. लग्नाच्या मांडवातून आपण सगळे कसे सटकतो? हात धुतले, बडीशेप तोंडात टाकली आणि चप्पल शोधायला लागलो. सर तसं करायचे नाहीत. ते मुलीच्या बापाला शोधायचे. बाप बिचारा पंगतीत कुणाला जिलबी वाढ म्हणून सांगत असायचा. सर त्याच्यासमोर हात जोडून उभे राहायचे आणि म्हणायचे, आमी आता निघतो. बाप म्हणायचा, बसा की सर. तर म्हणायचे, बसत न्हाई, निघतो म्हणून सांगायला आलो. तो "बरं, या" म्हणेपर्यंत हे जागचे हलायचे नाहीत. तोवर मी मांडवाच्या दारात उन्हात उभी.

फोनचंही तेच. गोरेगावात तेव्हा बसथांब्याजवळ एकच एसटीडीचं खोकं होतं. सर बोलणं झाल्यावर म्हणायचे, आता मी फोन ठेवतो. मग पलीकडून "ठेवा" येईपर्यंत कानाला लावून उभे. पलीकडच्यानं आधीच ठेवून दिलेला असला, तर सरांचा चेहरा असा व्हायचा की कुणी तोंडावर दार लावलं.

आम्ही एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायची, ते इंग्रजी. माझी जागा मंजूर होती, त्यांची नव्हती. ते कनेरगाव नाक्याचे. वडील लवकर गेले, आई मजुरी करून राहिली आणि पोराला बी.एड.पर्यंत नेलं. गोरेगावात त्यांनी माझ्या घराशेजारची खोली घेतली होती. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, वरची गुंडीसुद्धा लावलेली, उन्हाळ्यातही. चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. चिडलेलं मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं, पण हट्टी म्हणाल तर असा माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही. त्यांच्या हट्टानं मला किती वेळा वैताग आणला त्याची मोजदाद ठेवली नाही, नाहीतर वेगळं पुस्तक झालं असतं.

नाव पडलं ते नववीच्या वर्गात. धड्यात टर्मिनेट हा शब्द आला होता. माझा वर्ग शेजारीच, मधे नुसती पत्र्याची भिंत, त्यामुळं त्यांचं सगळं शिकवणं मला आपोआप ऐकू यायचं. सरांनी फळ्यावर एंड, फिनिश, स्टॉप असे ओळीनं लिहिले आणि सगळ्यांच्या खाली टर्मिनेट. मग सांगितलं की एंड आपोआप बी होतो, उन्हाळा एंड होतो, तेल एंड होतं. टर्मिनेट आपोआप होत नाही. कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ज्यानं ठरवलं त्यानं समोर उभं राहून सांगावं लागतं. पाठीमागं केलं तर त्याला टर्मिनेट म्हणायचं नाही, पळून जाणं म्हणायचं.

पोरांना शब्द भलताच आवडला. कुणाचा डबा टर्मिनेट झाला, कुणाची पेन्सिल. एकानं वाक्यात उपयोग करा म्हटल्यावर लिहिलं, माझे आजोबा गेल्या मंगळवारी टर्मिनेट झाले. सरांनी त्याला जवळ बोलावून समजावलं, की लेकरा, आजा वारला, त्याला कुणी संपवलं न्हाई. त्यावर ते पोरगं म्हणालं, पण सर, डॉक्टरनं समोर उभं राहून सांगितलं की. पत्र्याच्या अलीकडं माझा आख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून टर्मिनेट सर.

मी कपाटातला शब्दकोश काढून पाहिला. टर्मिनेट म्हणजे समाप्त करणे, संपुष्टात आणणे, एवढंच त्यात होतं. समोर उभं राहण्याचं कुठं काही नव्हतं. मधल्या सुट्टीत मी ते त्यांच्या नजरेला आणून दिलं. ते चहा पीत होते. म्हणाले, "बाई, अर्थ डिक्शनरीत असतो. वापर माणसात असतो." आणि उरलेला चहा पिऊन घेतला. मला तेव्हा वाटलं, चुकलं तर चुकलं म्हणावं, उगाच कशाला तत्त्वज्ञान.

पण हा वापर त्यांनी काही हवेतून काढला नव्हता. मंजूर नसलेल्या जागेवरच्या शिक्षकाची नेमणूक वर्षापुरती असायची. एप्रिल संपला की संस्थेचं पत्र यायचं, आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे, इंग्रजीत टर्मिनेटेड. जूनमध्ये पुन्हा नवी नेमणूक. पहिल्या वर्षी ते पत्र किशन शिपायानं खोलीवर आणून दिलं. सर जेवायला बसले होते, आई गावाहून आलेली होती. किशननं पाकीट पाटाशेजारी ठेवलं आणि निघून गेला. आईनं विचारलं, काय आलं रं? इंग्रजी शिकवणाऱ्या पोराला त्या इंग्रजीचं मराठी करून आईला सांगता आलं नाही. म्हणाले, सुट्टीचं हाय, सुट्टी लागली. तेव्हापासून म्हातारी नाक्यावर सगळ्यांना सांगायची, माझ्या पोराला सुट्टीचा बी कागद येतो, मोठी शाळा हाय. हे मला सरांनी एकदाच सांगितलं, तेही हसत हसत.

दुसऱ्या एप्रिलात त्यांनी किशनकडून पाकीट घेतलं नाही. सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. इंगोले सर आमचे मुख्याध्यापक. माणूस चांगला, पण भित्रा. संस्थेच्या अध्यक्षांचा, भाऊसाहेबांचा, फोन आला तरी खुर्चीतून उठून उभे राहायचे. वाठोरे सर त्यांना म्हणाले, पत्र नको, तुमी सांगा. इंगोले सरांना घाम फुटला. मी हजेरीपट ठेवायला तिथं गेलेली, अडकले. शेवटी इंगोले सरांनी खाली बघत एका दमात म्हटलं की वाठोरे सर, तुमची सेवा आजपासून संपवतो. सर म्हणाले, ऐकलं. आणि मग, जसं काही पाहुणे आलेत, किशनला चहा सांगितला. इंगोले सरांनी तो चहा औषधासारखा घेतला. पण पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच चहा सांगून ठेवला होता, आणि संपवण्याआधी, गेल्या निकालात दहावीची एकबी पोरगी इंग्रजीत नापास झाली न्हाई, तुमच्यामुळं, एवढं जास्तीचं बोलले. सरांना ते फार पटलं. तिथून रीतच पडली. उभं राहायचं, समोरच्याकडून जे मिळालं त्यातलं एक सांगायचं, मग संपवतो म्हणायचं. दुसऱ्यानं मान्य करायची गरज नाही, त्यानं फक्त ऐकलं म्हणायचं. मग चहा.

शाळेत चाललेलं गावात जायला कितीसा वेळ लागतो?

सर आधी स्वतःवरच करून बघायचे. त्यांनी न्हावी बदलला, कारण विठ्ठलचं दुकान लांब पडायला लागलं. आपण काय करू? जाणं बंद करू. सर विठ्ठलच्या दुकानात जाऊन उभे राहिले. म्हणाले, तुमी माझ्या डोक्यावरचा भोवरा कधी बिघडवला न्हाई, पण आजपासून मी इथं येणं संपवतो. विठ्ठलच्या हातात वस्तरा, खुर्चीवर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. तो म्हणाला, "सर, केस कापायचे नसतील तर नका कापू, वरात काहून काढून राहिले?" गावभर हसणं झालं. गंमत अशी की विठ्ठल पुढं जिथं भेटेल तिथं सरांशी मोकळा बोलायचा. ज्यांनी गुपचूप न्हावी बदलला होता, ते त्याचं दुकान आलं की रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जायचे.

मग जीपचं झालं. महेबूब आणि ज्ञानबा यांची भागीदारीत काळीपिवळी होती, गोरेगाव ते सेनगाव. दोघांचं कशावरून तरी फाटलं. कशावरून ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. जीप लिंबाखाली उभी राहिली, टायरात हवा नाही, टपावर पाला. एकजण चावी देईना, दुसरा मागेना. दोन्ही घरची बायकामाणसं मात्र एकमेकींकडं विरजण मागायला जात होती. महेबूबची बायको सरांकडं आली, की सर, हे एकदा तोडून द्या, मंग काय व्हायचं ते होऊ द्या.

सरांनी दोघांना जीपच्या दोन बाजूंना उभं केलं. बसायचं न्हाई, म्हणाले, बसलं की माणूस मागचं उकरतो. ज्ञानबानं टपावरचा पाला झाडला. मग म्हणाला, माझी आई आजारी होती तेव्हा महेबूबनं सवारी उतरवून जीप हिंगोलीला पळवली होती. महेबूबनं तिकडं तोंड फिरवलं. आता हे गळ्यात पडतात आणि जीप पुन्हा सुरू होते असं आम्हा बघ्यांना वाटलं. तसं काही झालं नाही. दोघांनी संपवलं, दोघांनी ऐकलं, चहा पिला, आणि जीप महेबूबकडं गेली. ज्ञानबानं पुढं पिठाची गिरणी टाकली. पण महेबूब त्याचं दळण सेनगावापर्यंत फुकट पोचवायचा, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

सगळ्यात अवघड प्रकरण रेखाचं. आमच्या आळीतल्या नामदेव शिंप्याची मुलगी, माझी विद्यार्थिनी. वसमतला हळदीच्या अडतीवर मुनीम असलेल्या मुलाशी सोयरीक ठरली, साखरपुडा झाला. नंतर त्या लोकांचं येणं बंद, निरोप बंद. नामदेव गेला तर मुलाचे वडील म्हणाले, बघू, घाई काय हाय. या "बघू"नं एक उन्हाळा गेला, दिवाळी गेली. पोरगी वाळत चालली. दुसरं स्थळ बघावं तर आधीचं मोडलेलं नाही, आणि लग्नाची तयारी करावी तर कशाची? नामदेवला वाटायचं, आपण होऊन विचारलं तर पोरीचं नाव जाईल. एक दिवस रेखाच सरांच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, सर, मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.

मी नको म्हटलं होतं. मुलीच्या जातीनं असं जाऊन उभं राहणं बरं दिसत नाही, असं मी, शिकलेल्या बाईनं म्हटलं. सर म्हणाले, मग तुमीबी चला, म्हणजे बरं दिसेल. नामदेवला घेऊन आम्ही चौघं एसटीनं वसमतला गेलो. अडतीच्या बाहेर हळदीची पोती, सगळा रस्ता पिवळा. मुलगा बाहेर आला आणि रेखाला बघून पांढरा पडला. सरांनी त्याला रीत सांगितली. त्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं, वडील आहेत का म्हणून. मग म्हणाला, "बघायला आलो होतो तेव्हा हिनं मला विचारलं होतं, तुमाला खरंच लग्न करायचंय का. माझ्या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं." आणि मग म्हणाला, मला न्हाई करायचं, मी संपवतो.

रेखानं ऐकलं म्हटलं. चहा पिला तिनं, सगळा. परतीच्या बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, औंढ्यापर्यंत उठली नाही. घरी पोचल्यावर आईला म्हणाली, भाकर वाढ. मी सरांना काही बोलले नाही, पण त्या दिवसानंतर मांडवाच्या दारात उन्हात उभं राहायची माझी कुरकुर जरा कमी झाली.

अशी आठनऊ वर्षं गेली असतील. हिंगोली जिल्हा झाला, नाक्यावरचे ढाबे वाढले, आणि आमच्या शाळेची इंग्रजीची जागा मंजूर झाली. आता सर कायम होणार, यात कुणाला शंका नव्हती. एप्रिलात नेहमीप्रमाणं इंगोले सरांनी संपवलं, चहा झाला. इंगोले सर त्या दिवशी हसून म्हणाले, हे शेवटचं बरं का, पुढच्या साली मला हे बोलावं लागणार न्हाई. सर आईकडं गेले. जूनमध्ये नवीन शर्ट शिवून आले, नामदेवनंच शिवलेला.

पहिल्या दिवशी नववीच्या वर्गात भाऊसाहेबांचा भाचा शिकवत होता.

पोरगं वाईट नव्हतं. सरांना बघून खडू हातात घेऊन अवघडून उभं राहिलं, या सर म्हणालं. सर इंगोले सरांकडं गेले. इंगोले सर म्हणाले, वरून काही कळलं न्हाई, आज-उद्या कळंल. आज-उद्या करता करता जून गेला. नेमणूक होती भाच्याची, हे दुसऱ्या दिवशीच गावाला कळलं होतं. तिसऱ्या दिवशी मी स्वतः सरांना स्पष्ट सांगितलं, की सर, जागा गेली, तुम्ही दुसरीकडं बघा. ते म्हणाले, "बाई, तुमचं सांगणं बातमी हाय. संपवणं न्हाई. ज्यानं संपवलं त्यानं सांगू द्या."

वसमतच्या एका शाळेत इंग्रजीची जागा निघाली होती. सरांचं नाव तिथवर पोचलेलं. त्या शाळेनं बोलावणं पाठवलं, पंधरवडाभर थांबायची तयारीही दाखवली. सर गेले नाहीत. म्हणाले, इथलं उघडं ठेवून तिथलं दार कसं लोटू? रोज साडेदहाला नवीन शर्ट घालून यायचे आणि शाळेच्या फाटकासमोर सोपानच्या हॉटेलच्या बाकड्यावर बसायचे. पाच वाजता सोपानला, आता मी उठतो, म्हणून सांगून घरी. भाऊसाहेब हिंगोलीला राहायचे. एरवी महिन्यातून एकदा यायचे, ते येईनासे झाले. निरोप धाडला तर उत्तर यायचं, वाठोरे आपलाच माणूस हाय, बघू. लोक म्हणाले कोर्टात जा. सर म्हणाले, कोर्ट कुठं पळून जात न्हाई, आधी हे होऊ द्या. मला इतका संताप यायचा! चालून आलेली नोकरी एका वाक्यापायी घालवायची, याला काय म्हणावं? मी त्यांना हेही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाकड्यावर जाऊन बसले.

पंधरा ऑगस्टला मात्र भाऊसाहेबांना येणं भाग होतं. झेंडा तेच लावायचे. पोरं रांगेत, गावातली माणसं भिंतीला टेकून. झेंडा झाला, भाषण झालं, खाऊ वाटून झाला. भाऊसाहेब गाडीकडं निघाले तर फाटकात वाठोरे सर हात जोडून उभे. वाट अडवली नव्हती, बाजूलाच होते, पण थांबल्याशिवाय जाता येईना. सोपाननं न सांगताच चहाचे दोन ग्लास आणून फाटकाच्या कठड्यावर ठेवले. भिंतीला टेकलेली माणसं पुढं सरकली.

सर म्हणाले, भाऊसाहेब, ह्या शाळेनं मला काय दिलं ते आधी सांगतो. "माझा बाप ह्या गावच्या बाजारात हमाली करायचा. त्याला कुणी नावानं हाक मारली न्हाई. मला सगळ्यांनी सर म्हटलं. आता जे सांगायचं ते तुमी सांगा."

भाऊसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, अरे वाठोरे, तू काय परका हायस का, दिवाळीनंतर बघू आपण, काहीतरी करू. सर म्हणाले, बघू नको, सांगा. मग भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं, हिंगोलीत दुसरा कार्यक्रम हाय म्हणाले, चहा नको, मला शुगर हाय. आणि गाडीत बसून गेले. गाडी गावाबाहेर जाईपर्यंत आवाज येत होता.

सर तसेच उभे. दोन ग्लासांवर साय धरायला लागली. मला त्यांच्याकडं बघवेना. तेवढ्यात इंगोले सर रांगा ओलांडून फाटकाकडं आले. टोपी सरळ करत आले. सगळ्या शाळेसमोर, गावासमोर, आणि भाऊसाहेबांचा भाचा तिथंच उभा असताना म्हणाले:

"वाठोरे सर, मी सांगतो. मंजूर जागा भाऊसाहेबांनी भाच्याला दिली. तुमाला आता बोलावणार न्हाईत. तुमची सेवा संपवली हाय."

त्यांनी कठड्यावरचा भाऊसाहेबांचा ग्लास उचलला आणि पिऊन टाकला. थोडा चहा शर्टावर सांडला. वाठोरे सर त्यांच्यासमोर सरळ उभे राहिले. मग म्हणाले, ऐकलं. दुसरा ग्लास त्यांनी पिला आणि सोपानला म्हणाले, उद्यापासून मी बाकड्यावर येणं संपवतो, तुझा चहा कधी पांचट नसायचा.

दुसऱ्या दिवशी ते वसमतला गेले. तिथली जागा आठवड्यापूर्वी भरली होती. मग नाक्यावर आईकडं गेले आणि ढाब्यामागच्या पत्र्याच्या खोलीत इंग्रजीचे क्लास सुरू केले. कोर्टातही गेले, तारखा पडत राहिल्या. मला हे समजतं की त्यांचं नुकसान झालं. त्यांनाही समजत होतं. पण त्याबद्दल त्यांना हळहळताना मी कधी ऐकलं नाही. आईला ह्या वेळी खरं सांगितलं, एवढं मात्र मला कळवलं.

इकडं इंगोले सरांना त्या एका ग्लासाची किंमत मोजावी लागली. भाऊसाहेबांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. संस्थेचे निरोप भाच्याकडून यायचे, आणि मुख्याध्यापकाला शेवटी कळायचे. भित्रा माणूस तो, पण माझं चुकलं असं एकदाही म्हणाला नाही.

काही वर्षांनी इंगोले सर निवृत्त झाले. निरोपसमारंभाला भाऊसाहेब आले. माइकवरचं बोलणं ते बोलण्यात धरत नसावेत. म्हणाले, इंगोले सर काही जाणार न्हाईत, ते आपल्यातच आहेत, आमी त्यांना सोडणारच न्हाई. टाळ्या झाल्या. शाल, नारळ, पेढे. सगळे पांगल्यावर मी खोलीत गेले तर इंगोले सर शाल पांघरून खुर्चीत बसलेले, आणि किशन कुलूप घेऊन दारात ताटकळत उभा. मी म्हटलं, सर, निघायचं ना? ते म्हणाले, बाई, कुणी सांगितलंच न्हाई.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच माझ्या दारात आले, म्हणाले, कनेरगावला येता का. महेबूबनं जीप काढली आणि दुसरी एकही सवारी घेतली नाही.

वाठोरे सर अंगणात बनियनवर बसून वह्या तपासत होते. आई शेळीला पाला घालत होती. इंगोले सरांनी आल्याचं कारण सांगितलं. वाठोरे सर गडबडले, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, "सर, मी कोण संपवणारा? मला काय अधिकार?"

इंगोले सर म्हणाले, "त्या दिवशी मला तरी कुठं होता?"

सर आत गेले. पांढरा शर्ट घालून, वरच्या गुंडीपर्यंत लावून बाहेर आले. चहा ठेव, आईला म्हणाले. दोघं अंगणात समोरासमोर उभे राहिले. इंगोले सरांच्या अंगावर कालचीच शाल, चांगलं ऊन तापलेलं असताना. मी आणि महेबूब दाराशी.

"सर," वाठोरे सर म्हणाले, "तो ग्लास तुमचा नव्हता. तुमी पिला." मग वर्गात म्हणायचे तसं स्पष्ट म्हणाले, "तुमची सेवा आज मी संपवतो."

इंगोले सरांनी शाल सावरली. वाठोरे सर थांबून राहिले. लग्नाच्या मांडवात मुलीच्या बापासमोर थांबायचे तसेच, काही घाई नाही. बऱ्याच वेळानं इंगोले सर म्हणाले, ऐकलं. आणि खांद्यावरची शाल काढून हातात घेतली.

म्हातारी चहा घेऊन आली तर तिला दिसलं की पाहुणे डोळे पुसून राहिले. तिनं घाबरून लेकाला विचारलं, काय झालं रं?

"काही न्हाई, आई," सर म्हणाले, "सरांना सुट्टी लागली."

आम्हाला सोडायला ते नाक्यापर्यंत आले. वाशीमकडून ट्रक येत होते, धुरळा उडत होता. महेबूबनं जीप सुरू केली तरी सर खिडकीशी हात जोडून उभेच. म्हणाले, आता मी मागं फिरतो. मला ती सवय माहीत होती. शेवटी पुढच्या सीटवरून इंगोले सर म्हणाले, बरं, या. तेव्हा ते वळले आणि ढाब्याच्या बाजूनं सावकाश चालत घराकडं गेले.